कोणते मेश्राम?

पांढरकवड्याच्या शाळेत मी पंचवीसेक वर्षं मराठी शिकवलं. पहिल्याच वर्षी एका मुलाच्या वहीवर लाल शाईनं मी एक चूक दुरुस्त केली. चूक त्या दुरुस्तीतच होती, हे कळायला मला पुढची वीस वर्षं लागली. पोरानं वहीच्या पुठ्ठ्यावर स्वतःचं आडनाव लिहिलं होतं, ‘मेसराम’. मी ‘सरा’ खोडून वर ठसठशीत ‘श्रा’ काढला. हजेरीपटावर मेश्राम होतं, वर्तमानपत्रात मेश्राम छापून येत होतं, माझ्या कपाटातल्या कवितासंग्रहाच्या पाठीवरही मेश्रामच होतं. पोरगं काही बोललं नाही. मास्तरांनी सांगितलं म्हणजे आपलंच नाव आपल्याला येत नव्हतं, असं मानून ते बाकावर जाऊन बसलं.

कवितेचं रसग्रहण शिकवण्यात माझा जन्म गेला. अलंकार ओळखा, भावसौंदर्य सांगा, दोन गुण, तीन गुण. पण एखाद्या शब्दाचं मनापासून रसग्रहण करावं असं मला वाटलं ते कवितेतल्या शब्दाचं नव्हेच, तर या आडनावाचं. आडनाव हा माणसाच्या हाती असलेला सगळ्यात छोटा मजकूर. तो त्यानं लिहिलेला नसतो, पण त्यावर सही मात्र रोज करावी लागते.

आमचा तालुका केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्यात. खुद्द केळापूर म्हणजे जवळचंच एक गाव, तिथं जगदंबेचं देऊळ, नवरात्रात रस्ता माणसांनी भरून जातो. एरवी कोणी त्या बाजूला फिरकत नाही, पण सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, सरकारी पाट्यांवर नाव त्याच गावाचं. म्हणजे नाव एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, ही गोष्ट आम्हाला जन्मापासून सवयीची. कदाचित म्हणूनच नावांकडे जरा निरखून पाहायची खोड इथल्या माणसाला लागत असावी.

हजेरी घेताना ही खोड वाढते. आमच्याकडचा हजेरीपट तीन शेवटांवर चालतो. एक ‘कर’वाला, तो साऱ्या महाराष्ट्राचा. गाव सांगतो आणि मोकळा होतो. दुसरा ‘वार’वाला. मुनगंटीवार, वडेट्टीवार, एलकुंचवार. यातला ‘वार’ तेलुगूतल्या आदरार्थी ‘वारु’चा. अमक्या घरचे, अमक्या गावचे लोक, असा त्याचा भाव. नाटककार महेश एलकुंचवार यांचा जन्म शेजारच्या घाटंजी तालुक्यातल्या पारव्याचा, १९३९ सालचा. मराठी रंगभूमीवरच्या इतक्या मोठ्या माणसाच्या आडनावाचं शेपूट तेलुगू आहे, याचं पुण्यामुंबईच्या वाचकाला कौतुक वाटतं. आम्हाला वाटत नाही. माझं स्वतःचं आडनावही ‘वार’वरच संपतं. तिसरा शेवट ‘आम’वाला. आत्राम, गेडाम, टेकाम, तोडसाम, सिडाम, तुमराम, नेताम, मेश्राम, सलाम. ही नावं सकाळी अकरा वाजता एका दमात मोठ्यानं वाचून बघावीत. ओवीसारखं यमक पडतं. प्रत्येक नाव ओठ मिटून संपतं, जणू ओळ पुरी झाली. आमच्या वर्गात ‘सलाम’ आला की मागच्या बाकावरून एखादा हात कपाळाला लावायचाच. दर वर्षी तोच विनोद, आणि दर वर्षी मी नव्यानं रागावल्याचं सोंग करायचो. पाडगावकरांच्या एका संग्रहाचं नावही ‘सलाम’, पण तिथं तो शब्द वाकलेल्या कण्याचा आहे. आमच्या हजेरीपटावरचा सलाम ताठ उभा राहून ‘हजर’ म्हणतो.

एकाच आडनावाची नामवंत माणसं शोधून त्यांची माळ करायचा छंद पुष्कळांना असतो. मलाही होता. त्यात सुरुवातीला हाती लागलं ते ‘मोघे’. केळापूरचं विधानसभेत अनेकदा प्रतिनिधित्व केलेले आणि मतदारसंघ बदलल्यावर आर्णीतून निवडून आलेले शिवाजीराव मोघे हे आमच्या भागाचे आदिवासी नेते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ च्या डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला, तेव्हा सामाजिक न्याय खातं त्यांच्याकडे होतं. आता दुसरे मोघे घ्या. श्रीकांत मोघे, जन्म १९२९, किर्लोस्करवाडी. पुलंच्या ‘वाऱ्यावरची वरात’मधले, ‘लेकुरे उदंड जाली’ गाजवणारे. त्यांचे धाकटे बंधू कवी सुधीर मोघे, जन्म १९३९. कुठं किर्लोस्करवाडी आणि कुठं केळापूर. दोन्हीकडे अक्षरं तीच, काना-मात्रा त्याच. घराण्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. काव्यशास्त्रात याला श्लेष म्हणतात. एका शब्दात दोन अर्थ, एकमेकांना न शिवता, शेजारी शेजारी. श्लेषानं क्षणभर गंमत वाटते, टाळी पडते आणि विषय संपतो. मोघ्यांची माळ माझ्याकडून तिथंच सुटली.

मेश्रामांची सुटली नाही. कारण इथं प्रकरण श्लेषाचं नाही, ध्वनीचं आहे. आनंदवर्धनाच्या अर्थानं. वाच्यार्थ संपल्यावरही जे घंटेसारखं मागे घुमत राहतं, ते.

आधी वाच्यार्थ. गोंडांमध्ये मेश्राम हे कुळाचं नाव. गोंड माणूस कुळाबरोबर एक आकडाही बाळगतो. चार देवाचे, पाच देवाचे, सहा देवाचे, सात देवाचे. आकडा सारखा निघाला की ती भावंडं, तिथं सोयरीक नाही. आमच्याकडे दोन म्हातारे गोंड एसटीच्या बाकावर शेजारी आले की गाव विचारायच्या आधी हा आकडा निघतो. “किती देवाचे जी तुमी?” मेश्राम म्हणतो, “सात.” झालं. एवढ्या एका संख्येत कोणाच्या घरी लेक द्यायची, कोणाला मामा म्हणायचं, कोणाच्या मयताला कोणत्या बाजूनं उभं राहायचं, सगळं ठरतं. आपल्या गोत्रप्रवरांचं ज्यांना कौतुक आहे त्यांनी हे एकदा ऐकावं. आमची गोत्रं पत्रिका जुळवण्यापुरती उरली, त्यांचा आकडा अजून चालता आहे.

आता अक्षरांकडे. ‘मे’नं ओठ मिटून सुरुवात, ‘म’नं ओठ मिटून शेवट, आणि मध्ये ‘श्रा’ची घसट. शब्द दोन्ही बाजूंनी कडी लावून घेतल्यासारखा. पण त्या ‘श्र’मध्येच खरी गोम आहे. पैनगंगा ओलांडली की पलीकडे आदिलाबाद. तिथं हेच कुळ तेलुगू लिपीत ‘मेस्रम’ असं लिहितात, शेंडी नसलेल्या साध्या ‘स’नं. मध्य प्रदेशातल्या गोंडांत ‘मसराम’ भेटतो. ‘श्र’ आमच्या बाजूचा. श्रम, आश्रम, श्रावण, श्री असं सगळं ज्या जोडाक्षराभोवती पिंगा घालतं, ते मराठी लेखणीला जवळचं वाटलं. एका द्राविड भाषेतल्या नावाला कुठल्याशा कारकुनानं, पटवाऱ्यानं किंवा मास्तरानं संस्कृतचं उपरणं घातलं. त्या मास्तरांच्या रांगेत शेवटचा मी.

हे फक्त आमच्याकडेच घडलं असं नाही. आयर्लंडमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव मर्फी. आपल्या आधीच्या पिढीला हा मर्फी ठाऊक आहे तो बोट ओठाशी नेलेल्या गोंडस बाळाच्या चित्रामुळे, मर्फी रेडिओमुळे. आताच्या पोरांना किलियन मर्फी ठाऊक, ‘ओपनहायमर’वाला. मूळ आयरिश नाव ओ मुर्खू. मुर्खू हा कोणी पूर्वज, त्याच्या नावात समुद्र आणि योद्धा असे दोन शब्द दडलेले. ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. इंग्रजांच्या दप्तरात कारकुनांनी कानाला जसं ऐकू आलं तसं उतरवलं. समुद्र गेला, योद्धा गेला, ‘ओ’ही गळाला. पुढं एकोणिसाव्या शतकात आयरिश अस्मितेची लाट आली तेव्हा पुष्कळ घराण्यांनी आपापला ‘ओ’ परत जोडून घेतला, मर्फींनी मात्र बहुतेक तसाच सोडला. आणखी एक गोष्ट म्हणजे सगळे मर्फी एका पूर्वजाचे नाहीत. वेक्सफर्डचे वेगळे, कॉर्कचे वेगळे. तिकडेही कोणी मर्फी म्हणून ओळख दिली की पुढचा प्रश्न ठरलेला असणार, की कुठले मर्फी?

आमच्याकडे तो प्रश्न असा येतो: “कोणते मेश्राम?”

या प्रश्नाचा सूर लिहून दाखवता येत नाही, ऐकावा लागतो. चहाच्या टपरीवर, कचेरीच्या व्हरांड्यात, भाड्याची खोली पाहायला गेल्यावर. विचारणारा बहुधा हसतमुख असतो. “कोनते मेश्राम म्हंता तुमी?” यातला ‘कोणते’ दिसायला निरुपद्रवी सर्वनाम, पण त्याच्या पोटात जात असते. कारण विदर्भात मेश्राम हे गोंडांचंही आडनाव आहे आणि पूर्वाश्रमीच्या महार, आताच्या बौद्ध समाजातही ते घरोघर आहे. गेडामांचंही तसंच. चांद्याचं गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये घेतलं, त्याआधी काही शतकं या मुलखावर गोंडांचाच अंमल होता. राजाचं, पाटलाचं, शेजाऱ्याचं नाव गावात फिरत राहतं. एका पाणवठ्यावर नसली तरी एका पांदीवर चालणारी माणसं नावंही वाटून घेतात. पण विचारणाऱ्याला इतिहास नको असतो. त्याला उत्तरात एक खूण हवी असते, आणि ती मिळाली की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी इतक्यांदा पाहिलंय की आता तो प्रश्न ऐकला की मी चहा अर्धा टाकून उठतो. मराठीत ‘कोणते कुलकर्णी’, ‘कोणते जोशी’ हेही विचारतातच. तिथं उत्तर चुकलं तर फार तर लोणच्याची चव बदलते. इथं खोली मिळत नाही.

तरीही रसग्रहण करणाऱ्यानं त्या प्रश्नाचे आभार मानायला हवेत, कारण तोच आपल्याला दोन कवींपर्यंत नेतो.

पहिले केशव मेश्राम. जन्म १९३७, अकोला. मुंबईत मराठीचे प्राध्यापक, कथा-कादंबरी-कविता-समीक्षा सगळीकडे वावर, आणि २००५ साली नाशिकला भरलेल्या ७८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. परमेश्वराला थेट शिवी हासडून जाब विचारणारी त्यांची कविता एके काळी दलित साहित्याच्या प्रत्येक चर्चेत यायची, अजूनही येते. माझं लक्ष मात्र कवितेखालच्या सहीकडे गेलं. देवाला फैलावर घेणाऱ्या कवीचं नाव केशव! विष्णूच्या चोवीस नावांतलं पहिलं. संध्येला बसलेला माणूस पळीभर पाणी घेऊन आधी हेच नाव उच्चारतो. म्हणजे त्या कवितेत परमेश्वराशी भांडण चाललंय ते परमेश्वराच्याच नावानिशी. नाव आईबापांनी ठेवलेलं, भांडण त्याचं स्वतःचं, आणि पुस्तकाच्या पाठीवर दोन्ही शेजारी छापलेलं. कवीनं हे योजलं नसेल. पण पानावर जे आहे ते वाचकाचं.

दुसरे भुजंग मेश्राम. गोंड, गोंडी आणि मराठी दोन्ही भाषांच्या कानाचे, आदिवासी कवितेला मराठीत धार देणाऱ्यांपैकी अग्रणी. त्यांचा संग्रह ‘उलगुलान’, १९९० चा. केशवरावांचा एक संग्रह ‘उत्खनन’, १९७७ चा. ही दोन पुस्तकं माझ्या कपाटात आडनावाच्या क्रमानं लावल्यामुळे योगायोगानं शेजारी आली, आणि एका दुपारी दोन्ही नावं एकदम डोळ्यांत भरली. दोन्हीकडे पहिलं अक्षर ‘उ’. ‘उत्’ म्हणजे वर. ‘उत्खनन’ म्हणजे खणून वर काढणं. शब्द शुद्ध संस्कृत, पुरातत्त्व खात्याच्या पाटीवर शोभेल असा. ज्यांना संस्कृत ऐकायची बंदी होती त्यांच्या घरातल्या कवीनं तो उचलला आणि जमिनीखाली गाडलेल्या आपल्या माणसांसाठी वापरला. म्हणजे पाटी पुरातत्त्वाची, कुदळ कवीची. ‘उलगुलान’ दुसऱ्या टोकाचा. तो संस्कृत नाही, मराठी नाही, गोंडीही नाही. तो मुंडांचा शब्द. बिरसा मुंडाच्या १८९९-१९०० मधल्या उठावाला त्यांनी दिलेलं नाव, महाउठाव. विदर्भातला गोंड कवी मराठी पुस्तकासाठी झारखंडातला शब्द आणतो, तेव्हा तो मराठी वाचकाच्या डोक्यावरून पलीकडच्या कोणालातरी हाक मारतो. कोशात तो शब्द शोधायला वाचक गेला तर त्याला सापडत नाही, आणि त्यानं कुणाला तरी विचारावं लागतं. कवीला तेच हवं असावं असं मला वाटतं. ‘उत्खनन’ वाचकाला खाली वाकायला लावतं, ‘उलगुलान’ उठायला. दोघांमध्ये डावं-उजवं करायला मी बसलेलो नाही, पण नुसतं शीर्षक म्हणून पाहिलं तर मला भुजंगरावांचं अधिक आवडतं. त्याच्या ‘ल’च्या दोन उकळ्यांत एखाद्या ढोलाचा ठेका आहे.

कवीचं नाव मात्र मी बरीच वर्षं नुसतं वाचत होतो, वाचन म्हणावं असं ते झालंच नव्हतं. ते घडलं केसलापूरला.

आदिलाबादहून उटनूरच्या वाटेला लागलं की इंद्रवेल्ली येतं, त्याच्या जवळ केसलापूर. केळापूर आणि केसलापूर या नावांतही एक-दोन अक्षरांचाच फरक, पण तो योगायोग मी बाजूला ठेवतो. सगळ्याच योगायोगांना गळ घालू नये. केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, पौष अमावास्येला. नागोबा म्हणजे नाग, आणि तो मेस्रम कुळाचा देव. जत्रा सगळ्यांची, लाखो माणसं येतात, आमच्या बाजूनंही गाड्या भरून जातात. पण पूजेचा मान मेस्रमांचाच. त्याची तयारी आधीचे कित्येक दिवस चालते. कुळातली माणसं अनवाणी पायी निघतात ती गोदावरीवरच्या हस्तिनामडुगू नावाच्या डोहाशी जातात, आणि तिथलं पाणी झारीत घेऊन तसंच पायी परततात. वाटेत मुक्काम, गावोगाव जेवण, झारी जमिनीला टेकवायची नाही. सिरिकोंड्याच्या कुंभाराकडून मडकी यायची, तीही ठरलेल्याच घरातून. परतल्यावर देवळाजवळच्या वडाखाली उतरायचं, चुली पेटवायच्या. कोणी कुठल्या चुलीवर शिजवायचं हे कुळाच्या शाखांवरून ठरलेलं. लेकी आणि जावई विहिरीचं पाणी आणतात, त्यानं माती भिजवून वारूळ घडवतात. मग अमावास्येच्या मध्यरात्री महापूजा. देऊळ आता दगडी आहे, मेस्रमांनी आपसात वर्गणी काढून अलीकडेच बांधलेलं.

या जत्रेला आणखी एक पदर आहे, त्याचं श्रेय एका ऑस्ट्रियन माणसाला. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा मानववंशशास्त्रज्ञ भारतात होता, पासपोर्ट शत्रूराष्ट्राचा. म्हणून त्याला निजामाच्या राज्यात अडकवून ठेवलं गेलं. तिथं तो आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिला आणि १९४८ साली त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याआधी, १९४० मध्ये, जोडेघाटला गोंडांच्या उठावाचा पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीनं पडला होता. हा भीम ‘आरआरआर’ सिनेमामुळे आता घरोघर पोचलाय, पण आमच्या हजेरीपटावर दर वर्षी दोन-तीन ‘कुमरे’ असतात आणि ते त्याच कुळाचं अलीकडचं रूप, हे सिनेमा पाहून आलेल्या पोरांना सांगावं लागतं. सांगितल्यावर त्या कुमऱ्यांची मान आठवडाभर वर. तर भीम गेल्यानंतर निजाम सरकारला जाग आली. जंगलातल्या माणसाची तक्रार कचेरीत पोचत नाही, तर कचेरीनं जत्रेत जावं, असं हायमेनडॉर्फनं सुचवलं. तेव्हापासून नागोबाच्या पुढ्यात अधिकाऱ्यांचा दरबार भरतो. अर्ज, रेशन, जमिनीचे पट्टे. मी गेलो तेव्हा एक म्हातारी साहेबाला पट्ट्याचा कागद दाखवत होती. वर तिचं नाव तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं, तीन खात्यांच्या तीन कागदांवर. साहेब विचारत होता, यातली तू कोणती?

तिथं वडाखाली उभं असताना मला भुजंगरावांचं नाव ऐकू आलं. कोणी उच्चारलं नव्हतं, माझ्याच मनात. भुजंग मेश्राम. भुजंग म्हणजे नाग. मेश्राम म्हणजे नागाची माणसं. पहिलं नाव देवाचं, दुसरं त्या देवाच्या लेकरांचं. दोन शब्दांत अख्खं केसलापूर मावलंय, झारीसकट, वारुळासकट. भुजंग हे नाव विदर्भ-मराठवाड्यात पुष्कळांचं असतं, तेव्हा ते ठेवताना कोणाच्या मनात काही होतं असा माझा दावा नाही. पण कवीच्या नावात असं काही निघालं तर रसिकानं ते पडू द्यायचं का?

आणि मग नाग तिथंच थांबेना. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का निवडलं याचं कारण त्यांनी स्वतः सांगितलं. ही नाग लोकांची भूमी, आणि बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला. त्या मैदानातल्या लाखोंमध्ये मेश्रामही पुष्कळ असणार. त्यांनी त्या दिवशी जुने देव सोडले. नागोबाशी त्यांचा संबंध असो वा नसो, पण ज्या भाषणानं त्यांना नवी ओळख दिली त्याच्या मुळाशीही नाग आला. केशव मेश्रामांच्या ‘केशवा’ची शय्याही शेषाचीच. विषारी म्हणून नव्हे, जमिनीत राहतो म्हणून, सगळ्यांच्या आधीचा म्हणून नाग. आता “कोणते मेश्राम?” असं कोणी विचारलं की मला मनातल्या मनात उत्तर सुचतं, नागाचे. टपरीवर देत नाही. विचारणाऱ्याला ते कळणार नाही आणि ज्याला विचारलंय त्याची आणखी पंचाईत होईल.

नावंच मोजत बसायचं तर मेश्राम आणखी आहेत. बामसेफचे वामन मेश्राम आहेत, सभांच्या भित्तिपत्रकांवर त्यांचं नाव आमच्या बसस्टँडसमोर कितीदा पाहिलं. वामन म्हणजे पुन्हा विष्णूच, पुन्हा तो विनोद. पण माळ लांबवण्यात मला आता रस उरलेला नाही. जत्रेतल्या एका विधीबद्दल मात्र लिहायला हवं, नाहीतर हे सगळं पुरुषांचंच पुराण होईल.

मेस्रमांच्या घरी लग्न होऊन आलेल्या सुना नागोबाच्या भेटीला येतात. त्या विधीला तिथं ‘भेटिंग’ म्हणतात. शब्द आपल्या ‘भेटी’चाच, फक्त शेपटी बदललेली. पांढरी लुगडी, पदर चेहऱ्यावर ओढलेला, रात्रीची वेळ, थोरल्या बायका एकेकीला पुढे नेतात. ती देवाला भेटली की मग कुळात गणली जाते. तोवर ती लग्न झालेली असली तरी पुरती मेस्रम नाही. आमच्याकडे लग्नानंतरचं नाव राजपत्रातल्या जाहिरातीनं बदलतं किंवा बँकेच्या अर्जानं. तिथं ते वारुळासमोर बदलतं. आयरिश भाषेत बाईच्या आडनावाचा उपसर्गच वेगळा असतो. वडिलांकडून आलेलं असेल तर ‘नी’, नवऱ्याकडून आलं तर ‘ई’, त्याच्या आधी ‘बॅन’, म्हणजे बायको. भाषेनंच हिशेब ठेवलाय की हे नाव कुठून आलं. मराठीनं तेवढीही तसदी घेतली नाही. टेकामांची किंवा कुमऱ्यांची एखादी पोर संध्याकाळी त्या रांगेत उभी राहते, आणि पहाटे चुलीशी बसून तांदूळ निवडताना कोणी हाक मारली तर तिनं वळून पाहायचं ते नव्या नावाला.

मी रांगेपासून दूर, बाहेरच्यांसाठी सोडलेल्या बाजूला होतो. शेजारी एक म्हातारा शेकोटीशी बसला होता. मराठी बऱ्यापैकी, तेलुगू सफाईदार, आणि मधेच गोंडी. देवळावरच्या पाटीकडे बोट करून मी त्याला विचारलं, ते अक्षर ‘स’ की ‘श’? माझ्या तेलुगूची एवढीच मजल. तो म्हणाला, “स. सापाचा स.” आणि हसला. मला एकदम वहीचा पुठ्ठा आठवला, लाल शाई, बाकावर जाऊन बसलेलं पोरगं. ते आता कुठं असेल, कुठल्या कागदावर कशी सही करत असेल. मी म्हाताऱ्याला ती गोष्ट सांगितली. त्यानं शेकोटीत एक काटकी सरकवली.

“तुमी कोणते?” त्यानं विचारलं.

मी आडनाव सांगितलं. एवढी वर्षं मी दुसऱ्यांची नावं फोडत आलो होतो. त्यानं माझं फोडायला घेतलं. शेवटचा ‘वार’ आधी वेगळा काढला, तोंडातल्या तोंडात घोळवला, मग पुढचा तुकडा दोनदा म्हणून पाहिला, आणि रस्त्याच्या दिशेनं, मी ज्या वाटेनं आलो होतो तिकडे हात केला.

“ते गाव मागंच राहिलं की. येताना लागलं असंल तुम्हाले.”